बायडाबाईची शिळी बातमी

स्वतःचा मोबाईल बंद करून बसायचं होतं, तर अख्ख्या गावाला मोबाईलवर रेडिओ ऐकायला कशाला शिकवलंस गं? बटण कुठलं आणि काच कुठली हे ज्यांना कळत नव्हतं, त्या म्हाताऱ्यांची बोटं धरधरून तू ते ॲप उघडायला लावलंस. आणि आता तुला फोन लावला की आतली बाई सांगते, बंद आहे. कोरेगावला तुझ्या मामाच्या फोनवर केला, तर मागनं तुझाच आवाज, "झोपलीय म्हणून सांगा." भर दुपारी! मला डोळ्यांना कमी दिसतं, कानांना नाही. लग्न झाल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं, ते तुझ्यापायी लिहायला लागतंय. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर आहे. वेलांट्या तुझ्या तू लावून घे.

प्रिय क्रांती,

आशीर्वाद. तो दिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही म्हणून देते, राग गेला असं समजू नकोस.

घरचं आधी सांगते. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या खोलीत मी कांदा पसरलाय, रिकाम्या खोलीचं दुसरं करायचं काय. तुझा बाप जेवताना बोलत नाही. आधीही बोलत नव्हता, पण तेव्हा निदान आमटीला नावं ठेवायचा. तुझी आई रोज मला विचारते, "आत्ती, पोरीनं तिकडंच बँकंत अर्ज केलाय म्हणं, खरं हाय काय?" मी म्हटलं, करू दे की. बँकेच्या खिडकीत बसून "आज दुपारनंतर ढग दाटून येतील" असं सांगितलं तर गिऱ्हाईक पळून जाईल, तेव्हा कळेल तिला.

तू त्या दिवशी जेवढं बघितलंस, तेवढ्यावर निघून गेलीस. पुढचं बघितलं नाहीस. तुला निम्म्यातच उठायची सवय आहे, लहानपणी जेवतानाही तशीच उठायचीस. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. जे तुला ठाऊक आहे तेही वाच, चुकलं कुठे ते दिसेल.

बंद पडलेल्या दूध डेअरीच्या खोलीत तुम्ही बायकांनी ते "येरवाळी" रेडिओ केंद्र काढलं, तेव्हा मी हसले होते. भिंतींनी आवाज खायला पाहिजे म्हणून घराघरातनं गोधड्या गोळा केल्या. त्यातली लाल काठाची माझी, अजून परत आलेली नाही. पण रेडिओ लागला. सकाळी भाकरी थापताना कवठे महांकाळचा बाजारभाव कळायला लागला, हरिबाचं शेळ्यांचं औषधपाणी कळायला लागलं. आणि सगळ्यात जास्त माणसं ऐकायची ती तुझी निधनवार्ता. कोण गेलं, कुणाची आई, कुणाचा सासरा, आणि "रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता." बास. एवढं ऐकलं की बाईनं भाकरी अर्धी टाकून डोक्यावर पदर घ्यायचा आणि गाडी कोण काढतंय ते बघायचं. लग्नाला नाही गेलं तर माणूस रुसतं, रक्षेला नाही गेलं तर भावकी तुटते. हे तुला मी सांगायला नको, तुझ्याच आवाजावर आम्ही अख्ख्या तालुक्यात रडून आलोय.

पण तुझा आवाज खिंडीपर्यंतच. त्या बुटक्या मनोऱ्यात तेवढाच जोर. खिंडीपलीकडे खरखर. आणि अलीकडे तर खिंडीच्या आतही ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. घरातले रेडिओ बंद पडले, बाजारात नवा मागितला तर दुकानातलं पोरगं म्हणतं, "आज्जी, हे आता म्युझियमला मिळंल." सरकारी जाहिरात यायची ती बंद झाली. समितीच्या बनुबाईनं तर सांगून टाकलं होतं, दिवाळीनंतर कुलूप. तेव्हा तू उभी राहिलीस. मला तुझं बोलणं आठवतंय, कारण मी मागे बसून शेंगा सोलत होते. "माणसं जिथं ऐकत्यात तिथं आपुन जायचं. माणसांनी आपल्या दारात यायची वाट बघायची न्हाई." बरोबर बोललीस. मी तेव्हा बरोबर म्हटलं नाही, तो माझा स्वभाव आहे.

मग तू आणि तो मशीनवाला प्रशांत, दोघांनी मिळून सगळं मोबाईलवर चढवलं. हरिबाच्या शेळ्यांच्या कार्यक्रमाचे छोटे तुकडे केलेत. आता तो चेहऱ्यासकट दिसतो म्हणून तो मेला दाढी करून येतो, अत्तर लावून येतो. शेळीला काय वाटत असेल? मी तुझ्यावर ओरडत असताना गुपचूप फोटो काढलास आणि खाली लिहिलंस "आज्जीची रेसिपी". जेवढी माणसं माझ्या लग्नाला नव्हती, तेवढ्यांनी ते बघितलं म्हणे. असो. रेडिओ जगला, हे खरं. कुलूप लागलं नाही, हेही खरं.

चूक एवढीच झाली. ॲप रिकामं दिसतंय म्हणून तुम्ही जुन्या सगळ्या निधनवार्ता एका बैठकीत वर चढवल्या. आणि रेडिओवर आपण कधी तारीख सांगतो? नाही सांगत. रेडिओ बोलतो तो आजच बोलतो, आणि बोलून झालं की संपलं. "उद्या सोमवारी सकाळी नऊ वाजता" म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं कुठला सोमवार. पण मोबाईल काही विसरत नाही बाई. त्याच्या पोटात मागच्या वर्षीचा सोमवार तसाच ताजा बसलेला. आणि वर तारीख कुठली, तर तुम्ही चढवलं त्या रविवारची. त्यात तू ऐकणारे वाढावेत म्हणून ते पाटण-कोरेगावकडच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकायला लावलंस.

पाटणच्या वरच्या अंगाला हंबीरराव राहतो. आपल्या शेजारच्या नाथाजीबरोबर पलटणीत होता. त्यानं आपल्या गावाचं नाव बघून कौतुकानं लावलं, आणि त्याला तुझ्या आवाजात ऐकू आलं, माजी सैनिक नाथाजी यांच्या पत्नी बायडाबाई यांचं निधन, रक्षाविसर्जन उद्या सोमवारी सकाळी नऊ वाजता. बायडा जाऊन वर्ष होत आलेलं. हे हंबीररावाला कुठून ठाऊक? आता तू म्हणशील, एक फोन करून विचारायचं. मयताच्या घरी फोन करून "खरंच गेली काय" असं कोण विचारतं? त्यानं पलटणीतल्या इतरांना कळवलं. पाटणहून एक गाडी निघाली, कोरेगावहून दुसरी. आणि सोमवारी सकाळी पांढऱ्या टोप्या आणि तोंडाला धरलेले पदर आपल्या स्मशानात उभे. तिथे चिटपाखरू नाही. त्यांना वाटलं उशीर झाला, विधी उरकला. म्हणून तशीच माणसं घराकडे वळली.

नाथाजी बनियनवर गोठ्याला चुना मारत होता. बायकांनी वळणावरच गळा काढला, रीतीप्रमाणे. "बायडाक्का गं, कुठं गेलीस गं." त्या रडण्यानं आपली गल्ली बाहेर पडली आणि सगळ्यांना वाटलं, नाथाजीच गेला. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. बघते तर नाथाजी हातात कुंचा घेऊन उभा, नाकावर चुना, आणि एक अनोळखी बाई त्याच्या पायाशी बसून त्याच्या बायकोला हाका मारतेय. त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या आयुष्यात मी असं तोंड बघितलं नाही. हंबीरराव पुढे झाला, त्याला मिठीत घेऊन म्हणाला, "रडून घे गड्या, आजच्या दिवस रडून घे." नाथाजी म्हणाला, "आज का?"

तेव्हाच कुणीतरी मोबाईल पुढे धरला, तुझा आवाज वाजवला, आणि सगळ्यांना कळलं. तू तेव्हा फाटकापाशी पोचली होतीस. तू बघितलंस ते एवढंच की नाथाजीनं चुन्याची बादली लाथेनं उडवली, आत गेला आणि दार लावलं. ते बघून तू पळालीस. केंद्रावर जाऊन माइकवर माफी मागितलीस, रडत मागितलीस, अर्धं कळलं नाही. जुनं सगळं पुसून टाकलंस आणि दुपारची एसटी धरलीस. गावातल्या रिकामटेकड्यांनी मग तुमच्या नावानं चेष्टा फिरवली, मेलेल्यांना पुन्हा मारणारा रेडिओ म्हणून. तीही तू गाडीत बसून वाचली असशील.

आता तू न बघितलेलं ऐक.

दार लागल्यावर आलेली माणसं अंगणात तशीच उभी. जावं तर कसं, बसावं तर कशाला. मला प्रश्न पडला, चहा द्यायचा का नाही? सुतकाच्या घरी चहा नसतो, आणि इथे सुतक तर नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, इतक्या लांबनं आलाय, बसा. आणि शेजारधर्माला मयताच्या घरी जसं पिठलं-भाकरी नेतात तसं चार घरांतनं नेलं. रीत चुकीची असली तर असू दे, भूक खरी होती. तेवढ्यात दार उघडलं. नाथाजीनं सदरा घातला होता, तोंड धुतलं होतं, आणि काखेत दोन सतरंज्या होत्या. त्या आणायला गेला होता तो. दार कशाला लावलं, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाला, "वैनी, पुरुषमाणसाला बनियनवर रडाय येतंय व्हय?"

तो बसला आणि पहिलं काय बोलला, तर हंबीररावाला म्हणाला, "मला वाटलं तुमी मुद्दाम आला न्हाईसा." वर्षभर त्याच्या पोटात ते होतं बघ. बायडाच्या खऱ्या रक्षेला मोजकी माणसं होती. पलटणीतलं एक माणूस आलं नाही. ज्यांच्यासाठी तिनं क्वार्टरमध्ये रात्री-अपरात्री डाळ-भात लावला, ते फिरकले नाहीत, असं तो मनात धरून बसला होता. कुणाला बोलला नाही. पेन्शन आणायला कवठे महांकाळला जायचा तो तोंड लपवून जायचा, जुनं कुणी भेटू नये म्हणून. हंबीरराव तापलाच. म्हणाला, "अरं, आमाला कोन सांगनार? तू? तू तर फोन बी उचलंना. तुज्या गावचा रेडिओ तर डोंगराच्या ह्या अंगालाच बोलतुया. आमच्याकडं आज पोचला, आमी आज आलो." नाथाजीनं उठून दुसरी सतरंजी पसरली.

मग दुपार कलेपर्यंत ती माणसं बायडाविषयी बोलत बसली. पलटणीतली वर्षं सोडली तर मी तिच्याशेजारी सारा संसार काढला, पण मला निम्मं ठाऊक नव्हतं. जबलपूरच्या क्वार्टरमध्ये ती बायकांना गोळा करून सायकल शिकली. नाथाजी तेव्हा सरहद्दीवर. पहिल्या दिवशी ती साहेबाच्या गुलाबाच्या वाफ्यात घुसली, आणि साहेबाच्या बायकोनं आरडाओरडा केला तर हिनं मराठीतनं तिलाच झापलं, वाटेत गुलाब लावतात काय म्हणून. नाथाजीच्या पायाशी बसून रडलेली ती बाई, कोरेगावची, हे सांगताना डोळे पुसत हसत होती. नाथाजी म्हणाला, "सायकल? माजी बायडा? ती तर माज्या स्कूटरवर बी डोळं झाकून बसायची." आणि तो हसला. किती हसला म्हणून सांगू, ठसका लागला, पाठीवर थापटायला लागलं. वर्षभरात त्या घरातनं मी तसला आवाज ऐकला नव्हता.

मला बायडाची आठवण वगैरे येत नाही. आमचं पटत कुठे होतं? संध्याकाळी पाण्यावरनं भांडायला कुणी नसतं, एवढंच. पण त्या दिवशी मीही दोन गोष्टी सांगितल्या तिच्या. लोक बसलेच होते.

जाताना हंबीररावानं तुझी चौकशी केली. "ज्या पोरीनं बातमी वाचली ती कुठं हाय?" मी म्हटलं, ती तोंड काळं करून पळाली. तो म्हणाला, "का? आवाज चांगला हाय की तिचा."

इकडे केंद्राचं काय झालं ते सांगते. बाजारभाव प्रशांत वाचतो, एसटी स्टँडवर गाडी लागल्यासारखा वाचतो. पण निधनवार्ता त्यानं बंद ठेवली. लोक भ्यायले, कागद कुणी द्यायलाच तयार नाही. त्यात वरच्या वस्तीवरचा जोतीराम गेला. त्याची थोरली बहीण दोन कोसांवर. रेडिओ बोलला नाही, मोबाईल बोलला नाही, पोरांनी गडबडीत तिला फोन करायचं राहून गेलं. ती आली ती रक्षा झाल्यावर. नदीच्या काठाला बसली आणि भावाच्या नावानं नाही रडली, "मला कुणी सांगितलं न्हाई" म्हणून रडली. ते बघून माझं डोकं फिरलं. मी तशीच केंद्रावर गेले प्रशांतला चार शिव्या द्यायला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आज्जी, मग तुमीच वाचा. तुमी म्हणला तर लोक मानतील." बनुबाई पण मान डोलवायला लागली, मेली.

म्हणून आता मी वाचते. हसू नकोस. एकेक अक्षर लावत वाचते, जोडाक्षर आलं की प्रशांत कानात सांगतो. पण मी माझी रीत लावली आहे. आधी मयताच्या घरी माणूस पाठवून खात्री करायची. मग वाचताना वार सांगायचा, तारीख सांगायची, वर्षही सांगायचं, आणि शेवटी पुन्हा सांगायचं. आणि म्हणायचं, "हे आजचं हाय. चार दिसानं ऐकत असशीला तर रडत बसू नगा, घरच्यांना जाऊन भेटा." प्रशांत मोबाईलवर चढवताना वर ठळक तारीख टाकतो आणि रक्षा झाली की उतरवून ठेवतो. पुण्यात कामाला गेलेली आपली पोरं तिकडनं ऐकतात आणि रात्रीच्या गाडीनं येतात. खिंड मध्ये येत नाही. तुझं खरं होतं ते एवढंच होतं, आणि ते लय मोठं होतं. तारखेचं तेवढं राहिलं. तव्यावरची पहिली भाकरी करपली म्हणून चूल फोडतं काय कुणी?

आता हे पत्र कशाला लिहिलं ते सांगते आणि संपवते, हात दुखायला लागला. काल नाथाजी केंद्रावर आला. कडक इस्त्रीचे कपडे, डोक्याला टोपी. येत्या शुक्रवारी बायडाचं वर्षश्राद्ध आहे, ते त्याला रेडिओवर आणि मोबाईलवर दोन्हीकडे सांगायचंय. मी चष्मा लावला आणि कागदाला हात घातला, तर त्यानं कागद मागे घेतला. म्हणाला, "वैनी, तुमी न्हाई. क्रांतीनं वाचलं तवा पाटणपास्नं माणसं आली. हे बी तिनंच वाचायचं. ती न्हाई वाचणार तर वाचूच नगा." बनुबाईनं समजावलं, प्रशांतनं समजावलं, तो हटला नाही. कागद खिशात घालून घरी गेला. तुझी चूक तो पोटात धरून बसलाय, असलं त्याच्या डोक्यात काही नाही गं. त्याला नुसतं त्याचं अंगण पुन्हा भरलेलं बघायचंय. बातमी गुरुवारी सकाळी गेली तरच लोक शुक्रवारी पोचतील. बुधवारी दुपारी कोरेगावहून गाडी आहे, मी चौकशी केली आहे. हे पत्र धनाजीच्या हातात देते, तो बेदाणा घेऊन साताऱ्याला निघालाय, मामाच्या दारात टाकेल. मामानं फोन करून "बघतो, सांगतो" म्हणायचं नाही. तुझ्या आईनं मध्ये पडायचं नाही. मला तर उत्तर देऊच नकोस, मी विचारलेलं नाही. विचारलंय नाथाजीनं. त्याला उत्तर तूच द्यायचं, गुरुवारी सकाळी, माइकवरनं, तारखेसकट.

तुझीच,
कांदे उचलून खोली झाडून ठेवलेली,
अंबूबाई आज्जी